पोथीतला न्हावी

पंचवटीत मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले, ते शास्त्रीबुवा पुण्य पावलांनी मोजत असत. थट्टा नाही करत, खरंच सांगते. सकाळी स्नान उरकलं की ओल्या धोतरानंच कुणाच्या तरी ओसरीला पाठ लावून उभे राहायचे आणि तिथून थेट कुंडापर्यंत टाचेला अंगठा लावत निघायचे. तोंडानं आकडे चाललेले. मध्येच कुणी "नमस्कार शास्त्रीबुवा" म्हटलं की आकडा चुकायचा. मग त्या बिचाऱ्यावर खेकसायचे, "सांडलंस ना पुण्य, गाढवा!" आणि परत ओसरीपाशी जाऊन पहिल्यापासून सुरुवात. मी महिनाभरातच आईला येवल्याला पत्र टाकलं होतं, खोली चांगली आहे, वारा येतो, मालक जरा वेडे आहेत.

ते तीस सालानंतरचे दिवस. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझं लग्न ठरत नव्हतं, आणि त्याचं दुःख मला सोडून बाकी सगळ्या येवल्याला होतं. घरात माणसं दोनच, बुवा आणि त्यांची धाकटी बहीण. बुवा साठीला टेकलेले, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "काहीतरी लिहा," म्हणाले. मला काही सुचेना, मी बाजाराची यादी लिहिली. ती त्यांनी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, आणि म्हणाले, "अक्षर झकास आहे. उद्यापासून कामाला लागा." भाड्याचं बोलणं राहूनच गेलं, ते आठ दिवसांनी मीच काढलं.

काम असं होतं. आमच्या तीर्थाचं माहात्म्य सांगणारी एक जुनी संस्कृत पोथी होती. कुठल्या कुंडात बुडी मारली की किती पुण्य, कुठं काय दान द्यावं, नैवेद्याला काय काय करावं, आणि कोण कोण नरकात जाणार आहे, असं सगळं तिच्यात होतं. ती कधी छापलेली नव्हती. घाटावरच्या सात घरांत हातानं लिहिलेल्या सात प्रती होत्या, त्यातली एक बुवांच्या घरची. बुवांनी सातही प्रती ताडून पाहायच्या आणि मराठीत उतरवून पुस्तक करायचं, असं घाटावरच्या मंडळींनी ठरवलं होतं. पोथ्या त्यांच्या, म्हणून छापखान्यात जाण्याआधी त्यांची संमती लागणार होती. बुवांचं स्वतःचं अक्षर छापखान्यात कुणालाच लागेना, म्हणून ते उतरवून काढायला मी.

तर पहिल्याच महिन्यात बुवा पोथ्यांच्या ढिगातून ओरडले, "मास्तरीणबाई, गाई वाढल्या!"

मी धावत गेले. मला वाटलं गोठ्यात काही झालं.

"हे बघा. या कुंडात स्नान केलं की शंभर गाई दान केल्याचं पुण्य. सहा पोथ्यांत शंभर. आणि ह्या सातवीत? हजार! नऊशे गाई आल्या कुठून?"

"लिहिणाऱ्यानं चुकून..."

"चुकून शून्य पडेल हो, गाई पडत नाहीत! चला, पोथी ज्याच्या घरची त्याची ओसरी बघू."

ओसरी कुंडाला लागूनच निघाली. बुवांनी तिथल्या तिथं पावलं टाकली, सत्तावीस भरली. त्यांना इतका आनंद झाला की भर घाटावर त्यांनी टाळी वाजवली. मग रोज सकाळी हाच उद्योग. सात घरं, प्रत्येक घरापासून प्रत्येक कुंड. आणि मेळ बसत गेला की! ज्याची ओसरी जवळ, त्याच्या पोथीत त्या कुंडाचं पुण्य जास्त. "पुण्य पाण्यापासून नाही मोजायचं," बुवा सगळ्यांना सांगत सुटले, "ओसरीपासून मोजायचं!"

ज्यांनी त्या पोथ्या लिहिल्या ते कधीच मरून गेले होते, कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण बुवा त्यांच्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलायचे. एकाचं नाव त्यांनी पोटोबा ठेवलं होतं, कारण त्याच्या प्रतीत नैवेद्याची यादी अकरा पदार्थांनी वाढली होती, आणि त्यात दोन प्रकारचे लाडू. एक होता सासरेबुवा. त्यानं नरकात जाणाऱ्यांच्या यादीत, ब्रह्महत्या करणाऱ्याच्या खालोखाल, सासऱ्याच्या घरी राहणारा जावई घातला होता. "काय छळलं असेल हो याला त्या जावयानं!" बुवा कळवळून म्हणायचे. एक इत्यादिभट होता. देवीची एकशे आठ नावं लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं बारा लिहिली आणि पुढं 'इत्यादि' लिहून मोकळा झाला.

मी शाळामास्तरीण, मला खोडकरपणा चालत नाही. मी एकदा फणकारले, "असे चोर होते तर यांना पवित्र कशाला म्हणायचं?"

बुवा हसले. "भाकरीवर बोटं उठतातच, मास्तरीणबाई. म्हणून काय ती खायची नाही? फक्त बोटं कुणाची ते ओळखावं."

ही बोटं ते पुस्तकात पानाखाली टीप देऊन दाखवणार होते. त्याची कुणकुण थोरल्या उपाध्यांना लागली. घाटावर त्यांचा शब्द शेवटचा, आणि ती सत्तावीस पावलांवरची ओसरीही त्यांचीच. एके दिवशी पंचा झटकत आले.

"शास्त्रीबुवा, आमच्या गाई कमी करू नका हो."

"छे, छे. हजारच्या हजार राहतील. खाली फक्त बारीक टीप येईल."

"काय टीप?"

"सत्तावीस पावलं."

उपाध्ये जे तडक उठले ते पानसुपारीलाही थांबले नाहीत. बुवा दिवसभर स्वतःशीच हसत होते. स्वयंपाकघरातून आक्का ओरडल्या, "दादा, पुरे झालं! शाई पितोस की काय तू?"

आक्का म्हणजे त्यांची बहीण. पन्नाशी उलटलेली, आडव्या बांध्याची, तोंडाची फटकळ. सोळाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. अंगावर तांबडं आलवण, पदर घट्ट डोक्यावरून घेतलेला. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून ताब्यात घेतलं. सकाळी शाळेची घाई असली तरी मला पुढ्यात बसवून माझे केस स्वतः विंचरायच्या. मी म्हणायचे, आक्का, मला येते वेणी घालता. "येते, पण उंदरानं कुरतडल्यासारखी," असं म्हणून त्या तेल थापायच्या. फार हळू हात होता त्यांचा. आणि दर पंधरा दिवसांनी मागल्या दाराशी न्हावी यायचा. तेवढा वेळ बुवा घरात थांबत नसत, घाटावर निघून जात. पावलं मोजायलासुद्धा नाही, नुसतेच.

याचं कारण मला आक्कांनीच सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता. नवरा गेला तेव्हा वडिलांच्या मनात तिचे केस उतरवायचं नव्हतं. ते का-कू करत होते. शेवटी म्हणाले, आपल्या तीर्थाची पोथी काय म्हणते ते बघू. घरात शिकलेला म्हणजे दादा, वीस वर्षांचा. त्यानं पोथी उघडून श्लोक वाचून दाखवला. तीर्थाच्या गावी राहणाऱ्या विधवेनं केस ठेवू नयेत; ठेवले तर त्या घरच्या पितरांना पाणी पोचत नाही. पितर तहानलेले राहणार म्हटल्यावर वडील काय बोलणार? दुसऱ्या दिवशी न्हावी आला.

"दादाची काय चूक?" आक्का म्हणाल्या. "होतं ते वाचलं त्यानं." आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या.

माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मला करता येण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. दुपारी शाळा सुटली की आक्कांना अक्षरं शिकवायला लागले. आधी "या वयात काय ते" झालं, मग रोज पाटी घेऊन माझ्या आधी तयार. वर्षाअखेरीला त्या एकेक अक्षर सोडवत मराठी वाचू लागल्या. बुवा मध्येच डोकावून चुका काढायचे आणि पाटी अंगावर येण्याआधी पळायचे.

नवव्या अध्यायापाशी काम अडलं. विधवेच्या केसांचा तो श्लोक त्याच अध्यायात होता. बुवांनी सहा पोथ्या उलटसुलट पाहिल्या, श्लोक नाही. तो फक्त त्यांच्या घरच्या पोथीत. ती पोथी म्हणजे बुवांचा जीव की प्राण, सगळ्यांत शुद्ध म्हणून त्यांनी तीच मुख्य धरली होती. आजोबांची प्रत जीर्ण झाली म्हणून अठराव्या वर्षी बुवांनी स्वतः ती नकलून काढली होती. जुनी प्रत रिवाजाप्रमाणे फुलं वाहून गोदेत सोडलेली.

दोन दिवस बुवा जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी एकदम उसळून उठले. "आमच्या घराण्यात कुणीतरी हे घुसडलं! पणजोबा? खापरपणजोबा? कोण होता हा न्हावी?" झालं, नाव पडलं. मग त्या न्हाव्याला जी काय शिव्यांची लाखोली! पोटोबा आणि सासरेबुवांवर ते हसायचे, याच्यावर नाही हसले. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, याला शोधल्याशिवाय श्लोक काढता यायचा नाही. हा खराच जुना असला, आणि बाकीच्या सहांनी गाळला असला, तर? मग पुस्तकात जाणार. छापून जाणार. आज एका घरात आहे, उद्या घरोघर जाईल." त्यांनी आपली पोथी परत पुढ्यात ओढली. "आजोबांची प्रत हवी होती हो. ती असती तर एका क्षणात कळलं असतं."

आक्का दाराशी उभ्या होत्या. तशाच आत गेल्या. बराच वेळ ट्रंक उघडल्याचा, कपडे उपसल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातात लाल फडक्यात बांधलेली पोथी.

"दादा, मारू नकोस मला," पंचावन्नाव्या वर्षी त्या म्हणाल्या.

वडिलांनी पोथी गोदेत सोडायला दिली होती ती चौदा वर्षांच्या आक्काकडेच. आजोबा तिला मांडीवर बसवून पानं उलटू द्यायचे, म्हणून तिला सोडवेना. फुलं सोडली आणि पोथी ओच्यात लपवून घरी आणली. दोन वर्षांनी नवरा गेला. "मला वाटलं, त्याचंच पाप. देवाची पोथी चोरली म्हणून देवानं माझं सगळं काढून घेतलं. कुणाला सांगणार? तुझ्यासमोर डोकं खाली घालून बसले, वाटलं, बरोबरच आहे माझ्याबाबतीत." चाळीस वर्षं बाई हे पोटात घेऊन वावरली. मी रडले, लपवत नाही. बुवा तर जमिनीवर बसलेच.

मग त्यांनी पोथीचं फडकं सोडलं. सुटी पानं होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नववा अध्याय काढला. मूळ मजकुरात श्लोक नव्हता. पण समासात, आडव्या बारीक अक्षरात, आजोबांच्या हातचं काहीतरी होतं. नकलताना एखादा श्लोक राहून गेला की तो समासात लिहायची पद्धतच असते, त्यामुळे पुढचा नकलणारा समासातला श्लोक उचलून आत बसवतो. इथं संस्कृतात एकच ओळ होती, विधवेनं केस ठेवू नयेत ही. बुवांनी पान फिरवलं, परत फिरवलं.

"दुसरी ओळ कुठाय? पितरांच्या पाण्याची?"

दुसरी ओळ नव्हतीच. पहिलीपुढं मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांना दिसेना. त्यांनी पान आक्कांपुढं धरलं. आक्कांनी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सोडवत वाचलं, "अ-सं का-ही ज-ण म्ह-ण-ता-त. म-ला प-ट-त ना-ही."

"आजोबाच बोलले गं," त्या म्हणाल्या. "अस्साच बोलायचा म्हातारा."

बुवांना आता सगळं आठवलं. की आठवतच होतं आणि आठवायचं नव्हतं, देव जाणे. अठरा वर्षांचं पोर, नुकतंच वृत्तं शिकलेलं. ओळ दिसली, वाटलं राहिलेला श्लोक आहे, आत घ्यायला हवा. मराठीतलं ते आजोबांचं मत, मताला पोथीत जागा नाही, म्हणून ते बाहेर. पण एका ओळीचा श्लोक होत नाही. म्हणून दुसरी ओळ यांनी स्वतः रचून घातली. ठसकेबाज हवी म्हणून पितरांना तहानलेलं ठेवलं.

"पोटोबानं पोटासाठी केलं," बुवा म्हणाले, "मी शाबासकीसाठी केलं. वडील म्हणाले होते, काय सुरेख उतरवलीस पोथी. मीच तो न्हावी, आक्के."

उठले आणि कपाटातून हरताळाची वाटी काढली. पोथीतलं चुकीचं अक्षर बुजवायचा तो पिवळा रंग. आपल्या प्रतीतला श्लोक बुजवायला कुंचला बुडवला, तोच आक्कांनी मनगट धरलं.

"पुसायचं नाही."

"अगं, घाण आहे ती!"

"तुझी आहे ना? मग दिसू दे. बाकीच्यांची बोटं दाखवत गावभर हिंडलास, स्वतःची वेळ आली तर पुसतोस?" काय तो आवाज! मी त्या घरात दोन वर्षं होते, पण तसा ऐकला नव्हता. बुवांनी वाटी गुपचूप जागेवर ठेवली.

दोनच दिवसांनी न्हाव्याची पाळी होती. त्या दिवशी बुवा घाटावर गेले नाहीत. मागल्या दाराशी उकिडवे बसून राहिले. न्हावी आला तसे उठून त्याला हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, या दाराला तू परत येऊ नकोस. माझी दाढी पुढल्या दारी येऊन कर." तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी चुकलं. आक्कांनीच आतून गूळ आणि शेंगदाणे आणून त्याच्या ओंजळीत घातले. तोही मग हसला आणि म्हणाला, "लय बरं झालं आक्का, माझा बी हात थरथरायचा."

आता राहिली घाटावरची संमती. मंडळी आमच्या ओटीवर जमली. बुवांनी नववा अध्याय वाचला आणि तो श्लोक आपण अठराव्या वर्षी कसा केला ते जसंच्या तसं सांगितलं. थोरले उपाध्ये म्हणाले, "तुमच्या घरची पोथी, आणि तुम्हीच खोटी म्हणता?"

"खोटी नाही म्हणत. माझी म्हणतोय."

"मग गाळून टाका की गुपचूप. सहांत नाहीच आहे. कशाला बोभाटा?"

"श्लोक छापायचा आणि खाली माझं नाव घालायचं."

"अहो, नाव खराब होईल तुमचं!"

"ते अठराव्या वर्षीच झालंय. आता नुसतं छापायचंय."

उपाध्ये बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग हळूच म्हणाले, "आणि आमच्या गाई?"

बुवांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. सबंध वर्षाची पावलं त्या एका नजरेत होती. "हजार," बुवा म्हणाले.

"खाली टीप?"

बुवांनी मोठा सुस्कारा सोडला. "टीप नाही."

संमती मिळाली. म्हणून बुवांच्या पुस्तकात आज तुम्हाला हजार गाई सापडतील, सत्तावीस पावलं कुठंही सापडणार नाहीत. ती मी इथं मुद्दाम लिहून ठेवतेय. पुस्तकाच्या शुद्धतेसाठी देवालासुद्धा उपाध्यांशी घासाघीस करावी लागली असं म्हणून बुवा पुढं कित्येक दिवस हसायचे. "आणि मीसुद्धा घेतला बरं का माझा हिस्सा," म्हणायचे.

पुस्तक छापून आलं तेव्हा आक्कांचे केस कानापर्यंत उतरले होते. पांढरेशुभ्र, आणि आश्चर्य म्हणजे कुरळे. ते कुरळे आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं! सुरुवातीला गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या. दोघीजणींनी हळदीकुंकवाचं बोलावणं मला द्यायचं बंद केलं, माझं काय अडलं? आता सकाळी त्या माझी वेणी घालायच्या आणि मग वळून माझ्यापुढं बसायच्या, मी विंचरायचे. "हळू ओढ," म्हणायच्या, "नवे आहेत."

त्या दिवशी तशाच बसलेल्या असताना बुवांनी पुस्तकाची पहिली प्रत आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. नववा अध्याय उघडून. आक्कांनी पानाखाली बोट नेलं. टिपेत एवढंच होतं, श्लोक कुणी, कितव्या वर्षी आणि कशासाठी केला ते, खाली बुवांचं पूर्ण नाव, आणि शेवटी आजोबांचे शब्द. आक्कांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"दादा, वरचा श्लोक एवढा ठळक, आणि हे एवढं बारीक का छापलंस रे?"

बुवा ओशाळले. "टीप बारीकच असते, आक्के. छापखान्याची रीत आहे ती."

"रीत!" आक्का उठल्या. अर्धवट विंचरलेले केस तसेच मोकळे, डोक्यावर पदर नाही. पुस्तक घेऊन थेट पुढल्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. सकाळची वेळ, घाटाकडं जाणारी माणसं, पाण्याच्या कळश्या, समोरून पंचा खांद्यावर टाकून येणारे थोरले उपाध्ये. आणि आक्कांनी ती टीप वाचायला घेतली. पहिल्या ओळीपासून, भावाच्या नावासकट, अक्षरं न सोडवता, सरळ. मागं दाराच्या चौकटीला धरून बुवा उभे होते. शेवटच्या तीन शब्दांना आक्कांनी आवाज असा चढवला की गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

"मला पटत नाही!"